डालेकला घाबरायचं का? बजेट नसताना एलियन व्हिलन बनवणाऱ्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे की छोटी सायफाय सिरीज करायचीय, त्यात एक दुष्ट एलियन हवाय, सीजीआय म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेली दृश्यं परवडत नाहीत, टीममधला एकजण सारखा 'डॉक्टर हू' या ब्रिटिश टीव्ही सिरीजमधल्या डालेकचं, म्हणजे डब्यासारख्या दिसणाऱ्या दुष्ट एलियनचं उदाहरण देतोय आणि बाकीचे त्याला हसतायत, की त्या मिरपुडीच्या डबीला आजकाल कोण घाबरणार. तर डालेक खरंच भारी आहे की इंग्रजांचं नुसतं लहानपणचं प्रेम आहे, आणि असलाच भारी तर त्यातलं आपण काय घ्यायचं.

मी क्रीचर सूट आणि प्रॉपच्या लाइनीत बरीच वर्षं आहे, त्यामुळे फॅन म्हणून नाही तर कारागीर म्हणून सांगतो. तुमचा तो एकजण बरोबर आहे. पण तो बहुतेक चुकीच्या कारणासाठी बरोबर असणार, कारण डालेकचं नाव काढलं की सगळे त्याच्या आकाराबद्दल बोलतात आणि आकार हा त्यातला अर्धाच भाग आहे.

आधी हे बनलं कसं ते बघा. १९६३ साली बीबीसीने 'डॉक्टर हू' सुरू केली तेव्हा ती मुलांना बरोबर घेऊन घरच्यांनी बघायची शनिवार संध्याकाळची गोष्ट होती, आणि ज्यांच्या डोक्यातून ती आली त्या सिडनी न्यूमनने बजावून ठेवलेलं की मोठ्ठ्या डोळ्यांचे राक्षस बिक्षस अजिबात नकोत. दुसऱ्याच कथेत टेरी नेशनच्या स्क्रिप्टमध्ये डालेक आले. न्यूमन भडकला, पण प्रोड्युसर व्हेरिटी लॅम्बर्ट तिच्या मतावर ठाम राहिली, आणि खरं सांगायचं तर दुसरं स्क्रिप्ट तयारही नव्हतं. सात एपिसोडच्या त्या कथेला सुरुवातीला सत्तर लाखांच्या आसपास प्रेक्षक होते, संपेपर्यंत एक कोटीच्या वर गेले. पुढच्या दीड दोन वर्षांत खेळणी, कॉमिक, सिनेमा, सगळं आलं.

डिझाइनर होता रेमंड क्युसिक, बीबीसीचा पगारी माणूस. (त्याच्या जागी आधी रिडली स्कॉटचं नाव होतं, तारखा जमल्या नाहीत. हो, तोच रिडली स्कॉट, पुढे 'एलियन' सिनेमा करणारा.) नेशनने लिहून दिलेलं की पाय नाहीत, माणसासारखं काहीच नाही, डोळ्याच्या जागी दांड्यावर एक भिंग, हाताच्या जागी यांत्रिक काहीतरी, आणि चालायचं म्हणजे जमिनीवरून घरंगळत जायचं. हे त्याला सुचलं जॉर्जियाच्या नर्तकींवरून, ज्यांचे घागरे जमिनीपर्यंत असतात, आत पावलं भराभर चालत असतात आणि बघणाऱ्याला वाटतं बाई तरंगतेय.

आता क्युसिकने काय केलं ते नीट वाचा, कारण तुम्हाला उपयोगी हेच आहे. त्याने एलियनचं चित्र काढायला घेतलं नाही, खुर्चीवर बसलेला माणूस काढला. त्याचं म्हणणं साधं होतं, आत माणूस असणार, तो तासनतास असणार, उभा राहिला तर दमणार, म्हणजे बसला पाहिजे. मग त्या बसलेल्या माणसाच्या भोवती त्याने कवच काढलं. म्हणून डालेक खाली रुंद, पुढे गुडघ्यांसाठी फुगलेला, वर निमुळता. गळ्याशी ज्या आडव्या रिंगा दिसतात त्यांच्या मागे जाळी आहे, आतला माणूस तिथनं बघतो. मिरपुडीची डबी नंतर आली, कवच बनवणाऱ्या वर्कशॉपच्या माणसाला हे हलणार कसं हे दाखवायला क्युसिकने जेवताना टेबलावरची डबी उचलून सरकवून दाखवली, आणि आयुष्यभर लोक म्हणत राहिले की डबी बघून डिझाइन सुचलं. हात म्हणून जो रबरी प्लंजर आहे, नळ तुंबला की वापरतात तो, तो निव्वळ पैशामुळे. नीट यांत्रिक पंजा बनवायला बजेट नव्हतं.

पैसे नसले की दोनच रस्ते असतात, एकतर नसलेलं असल्यासारखं दाखवायचं किंवा नाही ते नाहीच ठेवून त्यातून कॅरेक्टर काढायचं. डालेकने दुसरा रस्ता घेतला. गाड्याला चाकं आहेत, म्हणजे फक्त सपाट फरशीवर चालणार, ठीक आहे, मग कथेतच घातलं की ते धातूच्या फरशीतून स्टॅटिक वीज घेतात आणि शहर सोडून बाहेर येऊच शकत नाहीत. त्यातून हिरोंना युक्तीही मिळाली, एका डालेकला अंगरख्यावर ढकलतात, जमिनीशी संपर्क तुटतो, खेळ खल्लास. पुढच्याच वर्षी त्यांना पृथ्वीवर आणायचं होतं तर पाठीवर एक तबकडी लावून दिली, वीज आता तिच्यातून येते म्हणे. प्रॉप होते चारच, गर्दी दाखवायला मागे डालेकचे मोठे फोटो कापून उभे केले. आज पॉज करून बघितलं तर फोटो कळतात, तेव्हा पॉज कुठे होता.

आता मुख्य मुद्दा. माणूस आत घातलेला एलियन बघितला की आपल्याला लगेच माणूस दिसतो. कितीही लेटेक्स चढवा, दोन पाय, दोन खांदे, मध्ये डोकं, चाल माणसाची, बघणारा मनात म्हणतो हा सूट आहे. आमच्या कामात नव्वद टक्के झगडा याच्याशीच असतो. डालेकमध्ये हा प्रश्नच उरत नाही. पाय नाहीत, चेहरा नाही, श्वास घेतल्यावर हलणारी छाती नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, चालताना शरीर वरखाली होत नाही. माणूस चालला की डोकं थोडं वर जातं, थोडं खाली येतं, हे आपल्या डोळ्याला इतकं सवयीचं आहे की ते नसलं की काहीतरी चुकतंय असं वाटतं पण काय ते सांगता येत नाही. एकाच उंचीवर, एकाच वेगात, तुमच्याकडे सरकत येणारी वस्तू. ती कसली बनलीय याने फारसा फरक पडत नाही.

पण नुसता माणूस काढून टाकला तर उरतं फर्निचर. हे बरेच नवीन डिझाइनर विसरतात, एकदम अमूर्त काहीतरी बनवतात, काळा गोळा, चमकणारा त्रिकोण, आणि मग शूटिंगला कळतं की हा कोणाकडे बघतोय तेच कळत नाही. व्हिलनचं लक्ष कुठे आहे हे कळलं नाही तर भीती वाटत नाही, नुसता गोंधळ होतो. क्युसिकने माणूस काढला पण नजर ठेवली. एकच डोळा, लांब दांड्यावर, आणि तो दांडा जिकडे वळला तिकडे त्याचं लक्ष गेलं, थिएटरच्या शेवटच्या रांगेतून सुद्धा कळेल. दांडा आधी वळतो, मग घुमट वळतो, मग अंग वळतं. मी एक गोष्ट सगळ्या पपेटवाल्यांना सांगतो की नजर आधी, शरीर नंतर, आणि मधला क्षण गिळू नका, कारण त्या अर्ध्या सेकंदात प्रेक्षक म्हणतो, बघितलं रे त्याने.

डोक्यावरचे दोन दिवे पण असेच कामाचे. चार एकसारखे डबे उभे आहेत, तोंड कोणालाच नाही, मग बोलतोय कोण? तर जो बोलतो त्याचे दिवे त्याच्या अक्षरांबरोबर लुकलुकतात. आवाज दुसरे कलाकार द्यायचे, पण आत बसलेल्या माणसाला सगळे डायलॉग पाठ लागायचे, कारण दिव्याचं बटण त्याच्या हातात. म्हणजे बघा, एका माणसाने पायाने गाडा चालवायचा, हाताने दांडा, बंदूक आणि घुमट सांभाळायचा, वर दुसऱ्याच्या आवाजावर बटण दाबायचं. २००५ नंतर डोकं आणि डोळा रिमोटवर गेला, म्हणजे एका डालेकला तीन माणसं लागतात, आतला, रिमोटवाला आणि आवाजवाला. तुम्ही तिघांचं काम एकाला देणार असाल तर आधी त्याला विचारा.

आवाजावर मी जास्त वेळ घालवणार कारण तुम्हाला फुकटात मिळेल अशी सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. पहिल्या कथेत आवाज पीटर हॉकिन्स आणि डेव्हिड ग्रॅहम यांचे, आणि त्यांना यांत्रिक बनवायचं काम बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमधल्या, म्हणजे खास आवाज बनवणाऱ्या विभागातल्या ब्रायन हॉजसनने केलं, रिंग मॉड्युलेटर वापरून. हे यंत्र काय करतं तर दोन सिग्नलचा गुणाकार करतं. एक आवाज कलाकाराचा, दुसरा एक सरळ साइन वेव्ह म्हणजे एकाच सुराची लहर, डालेकसाठी साधारण ३० हर्ट्झची. गुणाकार झाला की मूळ फ्रिक्वेन्सी गायब होतात आणि त्यांच्या जागी बेरीज आणि वजाबाकी येते. म्हणजे आवाजात २०० हर्ट्झ असेल तर तो जातो आणि २३० आणि १७० येतात, ४०० चे ४३० आणि ३७० होतात. माणसाच्या गळ्यातून येणारे सूर एका मूळ सुराच्या पटीत असतात, २००, ४००, ६००, म्हणून तो आवाज आपल्याला एकसंध, जिवंत वाटतो. इथे ती पटच मोडते. शब्द कळतात, माणूस कळत नाही. वर एक खर्रर्र अशी थरथर मिळते ती वेगळीच.

हा इफेक्ट आज कुठल्याही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये असतो. पण तो लावला की डालेक होत नाही, कारण अर्धं काम कलाकाराचं आहे. शब्द तोडून, प्रत्येक अक्षराला सारखा भार देऊन, स्वर ओढून बोलायचं, आणि राग चढला की आवाज मोठा करायचा नाही तर पट्टी वर न्यायची, किंचाळण्याच्या काठापर्यंत. 'एक्स्टर्मिनेट' हा शब्द त्यात इतका बसतो कारण त्यात तोडायला भरपूर अक्षरं आहेत आणि मधे कडक व्यंजनं आहेत. तुमच्या एलियनचा परवलीचा शब्द मराठीत निवडताना हे बघा, 'मरा' म्हटलं तर एका झटक्यात संपतं, 'नष्ट करा' थोडं बरं, ष्ट वर आपटता येतं. २००५ पासून आवाज देणारा निकोलस ब्रिग्ज सेटवर मॉड्युलेटर घेऊन बसतो आणि लाइव्ह बोलतो. याचा फायदा प्रचंड आहे, समोरचा नट खऱ्या आवाजावर रिअ‍ॅक्ट होतो. नाहीतर काय होतं, असिस्टंट बिचारा कोपऱ्यातून सपाट आवाजात वाचतो आणि नटाला घाबरायला सांगतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

आणि इको लावू नका. रिव्हर्ब तर अजिबात नको. सगळे लावतात, व्हिलन म्हटलं की गुहेत बसल्यासारखा आवाज. डालेकचा आवाज कोरडा आहे, जवळचा आहे, ऑफिसातल्या माणसाने नियम सांगावा तसा, म्हणून तो अंगावर येतो.

शूटिंगबद्दल एकच शॉट सांगतो. २१ डिसेंबर १९६३ चा एपिसोड, शेवट. बार्बरा नावाची शिक्षिका धातूच्या कॉरिडॉरमधे एकटी अडकलीय, दारं मागे बंद होत गेलीयत. ती वळते, कॅमेऱ्याकडे बघते, भिंतीला चिकटते आणि ओरडते, आणि फ्रेमच्या खालून तो प्लंजर तिच्याकडे सरकत येतो. बस, संपला एपिसोड, डालेक दिसलाच नाही. पुढचा आठवडाभर लोक बसले विचार करत. आणि गंमत म्हणजे त्या शॉटमधे डालेक नव्हताच, फ्लोअरवरच्या एका असिस्टंटने नुसता प्लंजर हातात धरला होता. म्हणजे ज्या वस्तूला आज सगळे हसतात त्याच वस्तूने पहिली भीती घातली, कारण कॅमेरा एलियनच्या डोळ्यातून बघत होता आणि खरं काम बाईच्या चेहऱ्यावर चाललं होतं. बजेट कमी असेल तर घाबरणाऱ्याचा क्लोजअप घ्या. तुमचा एलियन पूर्ण, उजेडात, पायापासून डोक्यापर्यंत पहिल्यांदा कधी दिसणार हे लिहितानाच ठरवून टाका आणि डायरेक्टरने कितीही घाई केली तरी त्याच्या आधी दाखवू नका.

बंदुकीचंही तसंच. त्या काळी किरण बिरण काढणं परवडत नव्हतं, मग गोळी लागली की अख्खी फ्रेम निगेटिव्ह होते, काळं पांढरं, पांढरं काळं, आणि माणूस कोसळतो. रक्त नाही, जखम नाही. आजही बघताना पोटात कसंतरी होतं.

आता दुष्टपणा. दिसायला, ऐकायला सगळं जमलं आणि आत काही नसलं तर दोन एपिसोडमध्ये हवा जाते. डालेक म्हणजे रोबो नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आत एक जिवंत प्राणी आहे, युद्धाने आणि किरणोत्साराने वाटोळं झालेला, हातपाय नसल्यासारखा, आणि तो धातूचा डबा त्याचा रणगाडा आहे. नेशनचं लहानपण दुसऱ्या महायुद्धात गेलं आणि डालेकमागे नाझी आहेत हे त्याने लपवलं नाही. आपल्यासारखा नाही तो संपला पाहिजे, एवढाच त्यांचा विचार. त्यांना सोनं नको, राज्य नको, सूडसुद्धा नको. ज्याला काहीतरी हवं असतं त्याच्याशी सौदा करता येतो, याच्याशी कसला सौदा करणार. १९६४ च्या कथेत ते लंडनमध्ये उतरतात, वेस्टमिन्स्टर ब्रिजवरून फिरतात, माणसांना गुलाम करून खाणीत पाठवतात, आणि युद्ध संपून वीसच वर्षं झालेली, बघणाऱ्या आईबापांना काय आठवलं असेल ते वेगळं सांगायला नको.

१९७५ मध्ये नेशननेच त्यांच्या जन्माची कथा लिहिली आणि डेव्हरॉस नावाचा शास्त्रज्ञ आणला, ज्याने त्यांच्यातून दया मुद्दाम काढून टाकली, कारण त्याच्या हिशोबात दया हा दोष होता. शेवटी डालेक त्याच्यावरच उलटतात, तो त्याच्या माणसांसाठी दया मागतो, आणि त्यांना तो शब्द माहीतच नसतो. त्याच कथेत सिरीजचा हिरो असलेल्या डॉक्टरच्या हातात दोन वायरी असतात, जोडल्या की डालेक जन्मायच्या आधीच खलास, आणि तो थांबतो, की एक अख्खी जात पुसून टाकायचा हक्क मला आहे का, आणि पुसली तर माझ्यात त्यांच्यात फरक काय. व्हिलन चांगला लिहिला की हिरोला असा प्रश्न पडतो. तुमच्या स्क्रिप्टमध्ये एलियनमुळे हिरोला फक्त पळावं लागत असेल तर एलियन अजून कच्चा आहे.

हसण्याबद्दल. लोक हसणार, हे धरूनच चाला. डालेकला जिने चढता येत नाहीत हा जोक इतका जुना आहे की १९७९ मध्ये डॉक्टर स्वतः वर चढून त्यांना चिडवतो, एवढे श्रेष्ठ आहात तर या की वर. मग १९८८ मध्ये डॉक्टर तळघरातून जिन्यावर पळतो, सगळ्यांना वाटतं सुटला, आणि डालेक खालून शांतपणे तरंगत जिना चढायला लागतो, आणि तिथेच एपिसोड संपतो. पंचवीस वर्षांच्या जोकचा एका शॉटमध्ये हिशेब. २००५ ला रॉबर्ट शिअरमनने लिहिलेल्या भागात तर हसण्याची एकेक गोष्ट उचलून उलटी केलीय, प्लंजर बघून एक माणूस टिंगल करतो, काय करणार याने, आणि तोच प्लंजर त्याच्या तोंडावर बसतो. आणि त्या अख्ख्या भागात डालेक एकच आहे, साखळीने बांधलेला, गंजलेला, शेवटचा. फौजेपेक्षा तो एकटा जास्त भारी वाटतो आणि शेवटी त्याची कीवही येते, त्याच डब्याची, त्याच एका डोळ्याची. म्हणून तुम्हाला दहा एलियन हवेत की एक, या वादात माझं मत एकाच्या बाजूने, आणि ते पैशामुळे नाही.

उलटं उदाहरणही आहे. २०१० मध्ये त्यांनी डालेक नवीन बनवले, उंच, जाड, पाठीला पोक काढल्यासारखे, आणि भडक रंगांचे, लाल, पिवळा, निळा, पांढरा, केशरी. फॅक्टरीतून नुकते आल्यासारखे गुळगुळीत. लोकांना आवडले नाहीत आणि थोड्याच काळात जुने तपकिरी, खिळे दिसणारे डालेक परत पुढे आले. माझ्या मते रंगापेक्षा वजन गेलं. २००५ चा डालेक बघून वाटतं की हा अंगावरून गेला तर हाडं मोडतील, रिव्हेट दिसतात, ओरखडे दिसतात. नवीन बघून प्लास्टिक वाटलं. तुम्ही फायबर वापरा, फोम वापरा, काहीही वापरा, पण कडांना मळ भरा, जिथे हात लागेल तिथे रंग उडवा, आणि तो थांबतो तेव्हा एकदम नको, जड वस्तू थांबते तसा थोडा पुढे जाऊन थांबू द्या.

एक शेवटचं, आतल्या माणसाबद्दल, कारण याबद्दल कोणी लिहीत नाही. बंद कवचात माणूस लवकर तापतो, ऐकू कमी येतं, बाजूचं दिसत नाही. कवच आतून उघडता आलंच पाहिजे, ही अट पहिली, दिसण्याच्या आधी. आत छोटा पंखा, कानात डायरेक्टरचा आवाज, दर टेकनंतर झाकण वर. शिडी, केबल, उतार याच्याजवळ एक माणूस फक्त त्याच्यावर लक्ष ठेवायला. आणि बनवायला घ्यायच्या आधी पुठ्ठ्याचा खोका करा खऱ्या मापाचा, चाकाच्या खुर्चीवर माणूस बसवून त्यावर घाला, एक काठी डोळा म्हणून लावा, आवाजाला ३० हर्ट्झ लावा, आणि मोबाईलवर कॉरिडॉरमधे एक मिनिटाचा सीन शूट करून जे टीममधे हसतायत त्यांना दाखवा. त्यातला एकजण जरी हसायचा थांबला तरी फायबरची ऑर्डर द्या, आणि कोणीच थांबला नाही तर रंग आणि रिव्हेटकडे जाऊ नका, आधी काठी वळायचा वेग बदलून परत शूट करा.